माल बिघडला हे आधी सांगायचं कुणी?

उभाआडवा
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथली सगळी व्यवस्था गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आली. मालक वेगळे, मी नोकरदार. विणाई, शिलाई, चेकिंग, पॅकिंग आत, रंगाई बाहेर. मागावर पुरुष, बाकी बहुतेक बायका. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, मग कन्नड, उर्दू, आणि आपली मराठी.

अडचण अशी की खराब माल पॅकिंगच्या टेबलावर आल्यावर कळतो. पाईलची (टॉवेलवरच्या फासांची) तार गेलेली असते, किनार ओढलेली असते, तेलाचा डाग असतो. हे विणणाऱ्याला मागावरच दिसलेलं असणार, जॉबरलाही (मागांची देखरेख-दुरुस्ती बघणारा) दिसलेलं असणार. बोलत कुणी नाही. माझ्या आधीच्या साहेबांच्या काळात डॅमेज सापडला की पगारातून कापून घ्यायचे. मी आल्याबरोबर ते बंद केलं. सगळ्यांना जमवून सांगितलं, चूक झाली तर बिनधास्त सांगा, कुणी काही म्हणणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढे काहीच नाही. सूचनापेटी लावली, तिच्यातून पुड्यांचे कागद निघाले आणि पंख्याबद्दलची एक चिठ्ठी.

मालक म्हणतात, 'मॅडम, कपात होती तेव्हा निदान धाक होता.' महिनाअखेरीला त्यांना उत्तर द्यायचंय. ज्यांनी माणसं सांभाळलीत, किंवा ज्यांना कुणीतरी सांभाळलंय, दोघांकडूनही ऐकायचंय. पुस्तकी लिहिलंत तरी चालेल, फक्त कारखान्यात कसं करायचं ते लिहा.

शेंगाचटणी
पंख्याचं काय झालं मॅडम? चिठ्ठी टाकलेला माणूस वर बघत बसलाय की.

बारा_माग
मालकांचं बरोबर आहे. माझे स्वतःचे माग आहेत, नावावरून कळलंच असेल. गोड बोलून माग चालत नाहीत. व्यापाऱ्याकडं माल गेला, त्याला डाग दिसला, तो माझ्या बिलातून सरळ कापतो, मला विचारत नाही. मग मी कुणाकडून कापू? सुताचा भाव रोज हलतो, विजेचं बिल थांबत नाही. विश्वास, संस्कृती वगैरे मोठ्या कंपन्यांचे खेळ आहेत. त्यांना परवडतं.

पुण्यातला_सोलापुरी
विषय चांगला घेतलात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण लहानपण गेलं पूर्व भागात, रात्रभर मागाचा खडखडाट ऐकत. म्हणून बारा_माग यांच्यासाठी मागाचीच गोष्ट सांगतो.

टोयोटा मोटारींच्या आधी मागवाले होते. साकिची टोयोडांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, त्याचं वैशिष्ट्य वेगापेक्षाही हे होतं की सूत तुटलं की तो आपोआप थांबायचा. म्हणजे खराब कापड विणलंच जाऊ नये. पुढे १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले आणि मोटारीच्या कामाला लागले. मोटारीच्या कारखान्यात तोच विचार त्यांनी माणसांना लावला. लाइनवर दोरी असते. कामगाराला काही गडबड दिसली की त्यानं ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाइन चालू राहते, नाही सुटला तर थांबते.

लोक दोरीचं कौतुक करतात. मला त्या धावत येणाऱ्या टीम लीडरचं वाटतं. दोरी ओढल्यावर कुणी आलंच नाही, किंवा आला तो कपाळाला आठ्या घालून आला, तर पुढच्या आठवड्यात दोरीला धूळ बसेल. तुमच्या सूचनापेटीचं तेच झालंय. शेंगाचटणी यांनी थट्टेत विचारलंय, पण मुद्द्याचं विचारलंय.

बारा_माग
ऑटोलूमवर तार तुटून ड्रॉपर (तारेवरची पत्ती) पडला की माग थांबतो, हे आम्हालाही माहिताय. पण साध्या पॉवरलूमवर तार तुटली तर माणसानंच बघायचं. आणि माग थांबला की पैसा थांबला.

गिरणीचा_पोरगा
बारा_माग, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. थांबला की पैसा थांबला, पण कुणाचा?

माझे वडील गिरणीत जॉबर होते. नंतर गिरणी बंद पडली आणि ते मागावर आले. मागावर नगावर मजुरी. तार तुटलेली दिसली, माग थांबवला, जॉबरला हाक मारली, जॉबर दुसऱ्या टोकाला, त्याची वाट बघितली. एवढ्या वेळाची मजुरी कुणी देत नाही. शिवाय सांगितलं म्हणजे आपल्या मागावर डॅमेज निघाला हे आपणच जाहीर केलं. न सांगितलं तर चेकिंगवाली पकडेल किंवा पकडणारही नाही. आता मला सांगा, शहाणा माणूस काय करेल? उभाआडवा, तुम्ही कपात बंद केली हे छान केलं, पण खरं बोलणं अजून त्याच्याच खिशातून चाललंय. माग दोष सांगण्यासाठी थांबवला तर त्या वेळाची सरासरी मजुरी धरायची, असं एकदा करून बघा. हिशेब फार मोठा होत नाही. खराब नग विणून, शिवून, घडी घालून, पॅक करून मग बाजूला काढण्यापेक्षा नक्की कमी.

दुसरं. जॉबरचं माप काय आहे तुमच्याकडं? रोज किती माल पडला, एवढंच विचारत असाल तर तो कुणालाही माग थांबवू देणार नाही. वरून तुम्ही काहीही भाषण करा, विणकराच्या कानाशी जॉबर असतो, तुम्ही नाही.

आणि तिसरं जरा कडू आहे. हे गाव गिरण्यांचं. जुनी मिल एकोणिसाव्या शतकातली. मालकांच्या शब्दावर भरवसा ठेवलेली आणि नंतर देण्यांसाठी हेलपाटे घातलेली माणसं आमच्या प्रत्येक चाळीत होती. आमच्या घरातही. त्यांच्याच नातवंडांना तुम्ही 'बिनधास्त सांगा' म्हणताय. ती काही तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीत, घरात ऐकलेलं विसरत नाहीत एवढंच. इथं सुरुवात शून्यापासून नाही, उण्यापासून आहे. वेळ लागेल.

शेंगाचटणी
+१. जॉबरचा मुद्दा तर एकदम बरोबर.

मशीन_नं_नऊ
मी शिलाईत आहे, गावातल्याच एका दुसऱ्या युनिटला. मोबाइलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं पण नवीन सर आले होते. ते पण म्हणायचे माझं दार उघडं आहे. पण दार हाफिसात, हाफिस वरच्या मजल्यावर, आणि जिन्यात सुपरवायजर बसलेला. वर गेलेली बाई सगळ्यांना दिसायची. खाली आली की सुपरवायजर विचारणार, काय अक्का, काय सांगून आलात? मग कोण जातंय.

आम्ही कुणाला मानतो सांगू? आधी एक मॅडम होत्या. त्यांना माहीत असायचं कुठल्या भागात कधी पाणी सोडतात. आपल्याकडं रोज पाणी येत नाही, येतं ते पण कधी पहाटे, कधी रात्री. पाण्याच्या दिवशी उशीर झाला तर त्या अर्धा दिवस मांडायच्या नाहीत, संध्याकाळी भरून घ्यायच्या. आधीचे सर म्हणायचे, रोज नवीन कारणं आणता. आम्ही कारण आणत नव्हतो, पाणी आणत होतो. त्या मॅडमना आम्ही सुई तुटून टॉवेलात राहिली तरी सांगायचो. सुईचं सांगितलं नाही तर केवढं लफडं होतं हे शिलाईतल्या माणसाला विचारा.

आणि एक. तुमच्याकडं बायका जास्त आहेत म्हणता. जॉबर, मेकॅनिक कसं बोलतात ते बघा. त्यांच्या तोंडाबद्दल कुणी तक्रार केली आणि काही झालं नाही, तर मालाबद्दल कुणी काही बोलणार नाही. एका गोष्टीत गप्प बसायचं ठरलं की सगळ्यातच गप्प.

निवृत्त_मुख्याध्यापिका
मशीन नं. नऊ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शाळेतही हेच होतं. कोणती मुलं घरी धाकटं भावंड सांभाळून येतात हे ज्या बाईंना ठाऊक असतं, त्यांच्याच वर्गातली मुलं 'बाई, गणित समजलं नाही' म्हणतात.

हिशेबतपासनीस
कायद्याचं थोडं लिहितो, कारण कपात परत सुरू करायची भाषा चाललीय.

मनाला येईल तशी कपात करता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातली चौकट अशी होती: दंड असेल तर त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. कोणत्या चुकांना दंड हे आधी जाहीर केलेलं हवं. माणसाला बाजू मांडायची संधी द्यायची. हप्त्यांनी वसुली नाही, ९० दिवस उलटल्यावर वसुली नाही. आणि जमलेला दंड मालकाच्या गल्ल्यात जात नाही, त्याची वेगळी नोंद ठेवून तो कामगारांच्या हिताच्या कामालाच लावायचा. मालाच्या नुकसानीची कपात वेगळी, पण तिथंही त्या माणसाचा निष्काळजीपणा दिसला पाहिजे, त्याचं ऐकून घेतलं पाहिजे आणि झालेल्या नुकसानीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झालीय, तिच्यातही साधारण हीच चौकट आहे. मी ज्यांची पुस्तकं बघतो त्यांतल्या कित्येकांकडं दंडाचं रजिस्टर कोरं असतं आणि कपात मात्र दर महिन्याला असते.

मशीन नं. नऊ यांच्या शेवटच्या मुद्द्यावर: दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती कागदावर असते बहुतेकांकडं. सदस्यांची नावं किती बायकांना माहीत आहेत ते विचारून बघा.

उचलीचं पण बघा. ज्याच्या अंगावर मालकाची मोठी उचल आहे, तो मालकाला नको असलेलं खरं सांगणार नाही. त्याला नोकरी सोडता येत नाही आणि वाईटपणाही घेता येत नाही. सणासुदीला उचल द्यावीच लागते, पण ती कोण देतं, कुणाच्या शिफारशीनं देतं हे महत्त्वाचं. जॉबरच्या शिफारशीनं मिळत असेल, तर जॉबरविरुद्ध तुमच्यापर्यंत काही येईल ही आशा सोडा.

बारा_माग
एवढं सगळं मी बारा मागांत करू?

हिशेबतपासनीस
रजिस्टर एकच असतं हो. आणि कपात केली नाही तर तेही भरायला लागत नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे. आमच्याकडं चूक म्हणजे कापडावरचा डाग नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दोन रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. प्रश्न साधा होता: चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी होतात का? आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथं सिस्टरला धाक वाटायचा तिथं कागद स्वच्छ होता. १९९९ मध्ये त्यांनी एका फर्निचर कारखान्यातल्या टीम्सवर पुढचं काम प्रसिद्ध केलं आणि त्यातून हा विचार जगभर गेला.

उभाआडवा, याचा तुमच्यासाठी अर्थ असा की तुमचं जमलं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत डॅमेजचा आकडा वाढलेला दिसेल. मालकांना हे आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर आकडा वाढलेला बघून ते म्हणतील, बघा, धाक गेला आणि माल बिघडला. तिथंच सगळं संपेल. मी एका ठिकाणी हे होताना पाहिलंय. नोंदी वाढल्या म्हणून वरच्यांनी इन्चार्ज सिस्टरची बदली केली. पुढच्या महिन्यात एकही नोंद नाही, सगळे खूश. आम्ही रात्रपाळीवाल्या सोडून.

अजून एक. चूक आणि बेफिकिरी यांत फरक आहे, तो आधीच उघड सांगा. लेबल सारखं असल्यानं चुकीची बाटली उचलली, ही एक गोष्ट. न बघता सही ठोकली, ही दुसरी. पहिलीला सांभाळून घ्यायचं, दुसरीला नाही. लोकांना हा फरक बरोब्बर कळतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तुम्ही मोकळं सोडलंत तर नेकीनं काम करणारेच आधी चिडतात.

पुण्यातला_सोलापुरी
रात्रपाळींच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. अल्कोआ ही अमेरिकेतली अॅल्युमिनियमची मोठी कंपनी. १९८७ मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले आणि पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले. गुंतवणूकदारांना वाटलं माणूस बिघडलाय. पुढं त्यांच्याच काळात मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना वायूचा त्रास झाला आणि ती गोष्ट वर कळवली गेली नाही. ओनील यांनी त्या भागाच्या मोठ्या अधिकाऱ्याला काढून टाकलं. तो कंपनीला भरपूर कमवून देत होता, तरी. त्रास झाला म्हणून काढलं नाही, दडवलं म्हणून काढलं.

धाक असू दे की, बारा_माग. फक्त तो दडवणाऱ्याला असावा, आणि वरून सुरू व्हावा.

शेंगाचटणी
मेक्सिको लांब आहे मालक. आपल्याकडं दडवणारा बहुतेक मालकाचा मेव्हणा असतो. त्याला कोण काढायलंय?

गिरणीचा_पोरगा
हे हसण्यावारी नेऊ नका. गावातल्या निम्म्या युनिटांत हाच खरा प्रश्न आहे. एकाला एक नियम आणि नात्यातल्याला दुसरा. उभाआडवा, तुमच्याकडं असा कुणी असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा. तेच जमत नसेल तर बाकीचं करू नका, उगाच लोकांना खेळ वाटेल.

बारा_माग
मी अजून माझ्या मताला चिकटून आहे, पण एक गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी व्यापाऱ्यानं जो क्लेम लावला, त्याचा कागद मी सहज मागाजवळ ठेवला होता. एका विणकरानं वाचला. म्हणाला, अण्णा, एवढे कापले? आम्हाला वाटायचं तुम्ही उगाच ओरडता. त्यानंतर तो स्वतः येऊन सांगायला लागला, सूत कच्चं आलंय, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बदला. याला तुम्ही संस्कृती म्हणणार असाल तर म्हणा.

निवृत्त_मुख्याध्यापिका
म्हणणारच! अहो, तुम्ही हिशेब उघडा केलात.

बारा_माग
कागद चुकून राहिला होता बाई.

उभाआडवा
सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामात होते, आता एकत्र लिहिते.

पंखा बसवला. चिठ्ठी कुणाची ते विचारलं नाही, फक्त सूचनाफलकावर लिहिलं की चिठ्ठी मिळाली, पंखा लागला. पुढच्या आठवड्यात पेटीत पुड्या कमी आणि चिठ्ठ्या तीन. त्यातली एक तेलुगूत होती, चेकिंगच्या एका अक्कांनी वाचून दाखवली. त्यावरून लक्षात आलं की माझं ते पहिलं भाषण पूर्ण मराठीत झालं होतं. फलक आता दोन भाषांत लावतोय, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांसाठी तोंडी सांगणार.

मालकांशी बोलले. रात्रपाळी, तुमचा मुद्दा मी पहिला मांडला. आकडा आधी वाढेल, हे त्यांच्या गळी उतरायला चहाचे बरेच कप लागले. कपातीचं हिशेबतपासनीस यांनी लिहिलेलं वाचून दाखवल्यावर मात्र ते लगेच गप्प झाले. थांबलेल्या मागाची मजुरी द्यायला तयार नव्हते. शेवटी एका शेडपुरतं, पावसाळ्यापर्यंत करून बघू म्हणाले. तेवढं मिळालं. व्यापाऱ्यांचे क्लेम आता त्या शेडमध्ये लावायचे ठरलंय, रक्कम आणि कारणासकट. बारा_माग, हे तुमच्याकडून घेतलं.

जॉबरचं अवघड जातंय. माप बदलायचं म्हटल्यावर दोघांनी तोंड फिरवलं. त्यांचंही खरं आहे, इतकी वर्षं त्यांना एकच प्रश्न विचारला गेला. त्यांना आधी वेगळं बसवून बोलणार आहे, सगळ्यांसमोर नाही. उचलीची शिफारस त्यांच्याकडून काढून घ्यायची का, हे अजून ठरत नाही. काढली तर त्यांना अपमान वाटेल, ठेवली तर बाकी सगळं वरवरचं राहील. इथं कुणी हे केलं असेल तर सांगा.

नात्यातल्या माणसाबद्दल इथं लिहू शकत नाही. समजून घ्या.

मी आता खाली, चेकिंगच्या टेबलाजवळ बसते रोज थोडा वेळ. जिन्याचं वाचलं त्या दिवसापासून.

गिरणीचा_पोरगा
उचलीची शिफारस काढताना दुसरं काहीतरी हातात द्या. वडिलांच्या वेळी नवीन माणूस शिकवायला कुणाकडं द्यायचा हे जॉबर ठरवायचा, त्यात मान होता. शिकवलेला माणूस टिकला तर जॉबरला बक्षीस असं काही बसवा. नुसतं काढून घेतलंत तर पहिल्या लग्नसराईत शेड निम्मी रिकामी दिसेल.

हिशेबतपासनीस
उचलीचा अर्ज थेट हाफिसात, आणि हो की नाही ते ठरलेल्या दिवशी लेखी. मर्यादा सगळ्यांना सारखी, फलकावर लावलेली. जॉबरलाही सुटका वाटेल, कारण नाही म्हणायचा वाईटपणा आजवर त्यालाच मिळत होता.

मशीन_नं_नऊ
मॅडम, खाली बसता ते बरंय. पण पगाराच्या दिवशी बसू नका, त्या दिवशी सगळ्या पगाराचंच विचारतील. आणि पहिला आठवडा वही घेऊन बसू नका. वही दिसली की बायका उठून जातात.

उभाआडवा
वही नाही नेत. उद्यापासून.